डोक्यात येणारे नको ते विचार

लोकल फलाटात शिरत असते. आपण पिवळ्या पट्टीच्या मागे नीट उभे असतो, घरी जायची घाई असते, मनात कसलंही दुःख नसतं. आणि एकदम वाटून जातं, आत्ता पुढे उडी मारली तर? किंवा शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला धक्का दिला तर? पोटात गोळा येतो, आपण नकळत एक पाऊल मागे सरकतो. भाजी चिरताना हातातल्या सुरीकडे बघून, चौथ्या मजल्याच्या गॅलरीत भाचीला कडेवर घेऊन, गाभाऱ्यात मूर्तीसमोर हात जोडलेले असताना, असेच विचार कुठून तरी येऊन टपकतात. कधी हिंसेचे, कधी अश्लील, कधी थेट देवाला शिवी घालणारे. मला येतात. तुम्हालाही बहुधा येत असतील. आपण ते कुणापाशी बोलत नाही, आणि कुणीच बोलत नसल्यामुळे प्रत्येकाला वाटत राहतं की असलं काही फक्त आपल्याच डोक्यात येतं.

ही समजूत चुकीची आहे, हे चाळीसहून जास्त वर्षांपूर्वीच दिसून आलंय. स्टॅन्ली रॅचमन आणि मूळचे श्रीलंकेचे पद्मल डी सिल्व्हा हे लंडनमध्ये काम करणारे दोन मानसशास्त्रज्ञ. कुठलाही मानसिक आजार नसलेल्या साध्या माणसांना त्यांनी विचारलं, तुमच्या मनात नको असलेले, किळसवाणे, भीतीदायक विचार येतात का? सुमारे ८० टक्के लोक हो म्हणाले. १९७८ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग पुढचा आहे. अशाच विचारांच्या आजाराने त्रासलेल्या रुग्णांचे विचार आणि या निरोगी लोकांचे विचार एकत्र करून तज्ज्ञांसमोर ठेवले, तेव्हा कुठला विचार रुग्णाचा आणि कुठला धडधाकट माणसाचा हे ओळखणं त्यांनाही जड गेलं. विचारांचा मजकूर सारखाच होता. फरक होता तो ते किती वेळा येतात, किती वेळ रेंगाळतात आणि किती छळतात यात. पुढे २०१४ साली १३ देशांतल्या ७७७ विद्यार्थ्यांच्या पाहणीत जवळजवळ ९४ टक्के विद्यार्थ्यांनी गेल्या तीन महिन्यांत असा किमान एक विचार आल्याचं सांगितलं. उंचावर उभं असताना उडी मारावीशी वाटण्याचा तो क्षणिक झटका तर इतका सर्रास आढळतो की २०१२ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडात त्यावर वेगळा अभ्यास झाला. आत्महत्येचा विचार आयुष्यात कधीही मनात न आलेल्या विद्यार्थ्यांपैकीही निम्म्याहून अधिकांनी तो झटका अनुभवला होता.

म्हणजे असा विचार येणं हा आजार नाही. मेंदू सतत ‘असं झालं तर?’ याच्या शक्यता मांडत असतो, त्यातल्या बऱ्याच निरर्थक असतात, आणि धोक्याशी संबंधित असलेल्या जरा जास्त ठळकपणे जाणवतात. बहुतेकांच्या बाबतीत विचार येतो, क्षणभर दचकवतो आणि निघून जातो. काहींच्या बाबतीत मात्र तो जात नाही. डोक्याला भुंगा लागतो, त्यातून हात धुणं, तपासणं, मोजणं, नामजप करणं असं काहीतरी सुरू होतं आणि दिवसाचे तास खाऊ लागतं. यालाच मराठीत मंत्रचळ म्हणतात आणि आता सगळीकडे ओसीडी, म्हणजे ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर. नीटनेटक्या माणसाला हल्ली सहज ‘तिला ओसीडी आहे’ म्हटलं जातं, ते ऐकून मला फार वाईट वाटतं. कपाट आवरायची हौस असणं आणि दाराचं कुलूप तपासताना रोज कामाची बस चुकणं यांत काहीही नातं नाही. जगभरच्या पाहण्या बघितल्या तर शंभरातल्या साधारण दोन-तीन माणसांना आयुष्यात कधीतरी हा आजार होतो. त्यातले कितीतरी जण वर्षानुवर्षं कुणाला काही सांगत नाहीत.

एकाच्या मनातून निघून जाणारा विचार दुसऱ्याच्या मनात ठाण मांडून का बसतो? या प्रश्नाचं सर्वांत पटणारं उत्तर १९८५ साली मानसशास्त्रज्ञ पॉल साल्कोव्स्किस यांनी आणि पुढे १९९७ साली रॅचमन यांनी मांडलं. सगळं अवलंबून असतं ते त्या विचाराचा आपण काय अर्थ लावतो त्यावर. सुरी बघून भयंकर विचार आला. एक बाई मनात म्हणते, ‘काहीतरीच!’, आणि कांदा चिरू लागते. दुसरी म्हणते, ‘माझ्या मनात हे आलंच कसं? म्हणजे मी आतून तशीच आहे. माझ्या हातून काही झालं तर? आता सावध राहायला हवं.’ विचार तोच. पण दुसरीच्या लेखी तो तिच्या स्वभावाचा पुरावा झाला, आणि होणारं संकट टाळण्याची सगळी जबाबदारीही तिच्याच डोक्यावर आली.

मानसशास्त्रात याला एक बोजड नाव आहे, विचार आणि कृती यांची सरमिसळ. तिचे दोन प्रकार दिसतात. पहिला म्हणजे वाईट विचार करणं हे वाईट वागण्याइतकंच पाप आहे असं वाटणं. दुसरा म्हणजे विचार केल्याने ती गोष्ट घडण्याची शक्यता वाढते असं वाटणं. हे वाचताना मला आपली घरं आठवतात. ‘अभद्र बोलू नकोस, वास्तू तथास्तु म्हणत असते’ हे ऐकत आपल्यातले किती तरी जण वाढले. मानसपूजा आपल्याकडे खरी पूजा मानली जाते, मग मनातलं पापही खरं पाप ठरतं. कायावाचामने शुद्ध असावं ही अपेक्षा फार उंच आणि सुंदर आहे, मला तिचा आदर आहे. बहुतेक लोक ती ऐकतात आणि आपापल्या कामाला लागतात. ज्याच्या मनाची ठेवणच हळवी आणि शंकेखोर आहे, तो मात्र ती अक्षरशः घेतो. हल्ली त्यात नवी भर पडलीय. ‘जसा विचार कराल तसं आयुष्य घडेल’, ‘नकारात्मक विचार मनात येऊच देऊ नका’ असं सांगणारी भाषणं आणि रोज सकाळी फोनवर येणारे सुविचार. मंत्रचळाच्या रुग्णासाठी ही शिकवण मला सरळसरळ धोक्याची वाटते. त्याला आधीच आपल्या विचारांची भीती वाटतेय, आणि ही भाषणं त्याला सांगतात की तुझी भीती बरोबर आहे.

प्रत्यक्षात हे विचार जवळजवळ नेहमी माणसाच्या इच्छेच्या उलट दिशेने येतात. जे सर्वांत प्रिय, त्याच्यावरच ते घाला घालतात. श्रद्धाळू माणसाला देवाबद्दल घाण विचार येतात, सचोटीच्या माणसाला आपण फसवणूक केली अशी शंका येते, सौम्य माणसाला हिंसेची चित्रं दिसतात. ज्याला देवाचं काही पडलेलं नाही, त्याच्या डोक्यात शिवी येऊन गेली तरी तो दचकणार नाही. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण आपल्याकडे उगाच आलेली नाही.

हे सगळ्यांत तीव्रपणे दिसतं ते बाळंतिणीत, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. कॅनडातल्या निकोल फेअरब्रदर आणि शीला वुडी यांनी २००८ साली पहिलटकरणींचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. बाळाला चुकून काही होईल असे विचार जवळजवळ प्रत्येकीच्या मनात आले होते. आपणच बाळाला मुद्दाम इजा करू, असा नको असलेला विचार साधारण निम्म्या जणींना आला होता. निम्म्या! आता एखाद्या बाळंतिणीची अवस्था डोळ्यांसमोर आणा. झोप नाही, अंग दुखतंय, घर पाहुण्यांनी भरलंय. न्हाऊ घालताना मनात येतं, हिला पाण्यात सोडून दिलं तर? ती हादरते. दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंना म्हणते, ‘तुम्हीच घाला ना अंघोळ, मला जमत नाही.’ मग एकटीने बाळाजवळ बसणं टाळते, सुऱ्या-कात्र्या वरच्या फळीवर ठेवते. घरातले म्हणतात, हिला आईची मायाच नाही. माया इतकी असते की बाळाला जपण्यासाठी ती स्वतःलाच त्याच्यापासून लांब ठेवते. तिला त्या वेळी कुणी एवढंच सांगितलं, की असे विचार निम्म्या आयांना येतात आणि त्या सगळ्या बाळांना उत्तम वाढवतात, तर कित्येकींचं ओझं तिथल्या तिथे निम्मं होईल. प्रसूतीनंतरच्या तपासणीत टाक्यांची चौकशी होते, तशी याचीही व्हावी असं मला मनापासून वाटतं.

इथे एक फरक प्रत्येक घराला माहीत हवा. ज्या आईला आपल्या विचारांची भीती वाटते, ती मंत्रचळाच्या वाटेवर असू शकते. पण बाळ आपलं नाहीच, त्याच्यात काहीतरी शिरलंय असं बाळंतिणीला खरंच वाटू लागलं, कानात आवाज येऊ लागले, झोपेची गरजच संपल्यासारखी झाली, बोलणं असंबद्ध झालं, तर ती वेगळी आणि तातडीची अवस्था आहे. त्याच दिवशी तिला दवाखान्यात न्यावं आणि तोवर आई-बाळाला एकटं ठेवू नये.

आता त्या विचाराशी आपण काय करतो ते पाहू. पहिला उपाय सगळ्यांना सुचतो, तो म्हणजे विचार दाबून टाकणं. औषध घेताना माकडाची आठवण काढायची नाही असं बजावणाऱ्या वैद्याची गोष्ट आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. बिचाऱ्याला जन्मात औषध घेता येत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली टेक्सासमध्ये हेच प्रयोगाने तपासलं. विद्यार्थ्यांना त्यांनी पाच मिनिटं मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगितलं, अट एकच, पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही. आलाच, तर घंटी वाजवायची. घंट्या वाजतच राहिल्या. नंतर त्याच विद्यार्थ्यांना अस्वलाचा विचार करायची मोकळीक दिली, तेव्हा ज्यांनी आधी दाबायचा प्रयत्न केला होता त्यांच्या मनात अस्वल इतरांपेक्षा जास्त वेळा आलं. वेग्नर यांचं म्हणणं असं, की विचार टाळायचा तर मनाचा एक भाग पहाऱ्यावर बसवावा लागतो. तो सारखा बघत राहतो, आला का, आला का? आणि ज्याच्यावर पाळत ठेवायची तो लक्षात ठेवावाच लागतो.

दुसरा उपाय म्हणजे खात्री करून घेणं. गॅस बंद आहे ना म्हणून परत बघणं. रस्त्यातल्या खड्ड्यात गाडी उडाली की ‘कुणाला धडकलो तर नाही ना’ म्हणून मागे वळून तो रस्ता पुन्हा पाहून येणं. हात पुन्हा धुणं. यातले कितीतरी उपाय डोळ्यांना दिसतच नाहीत. मनातल्या मनात स्तोत्र म्हणून विचार ‘पुसून’ टाकणं, ‘मी असं खरंच करीन का?’ हे स्वतःला सारखं विचारणं, जुना प्रसंग आठवून आठवून तपासणं, रात्री दोन वाजता इंटरनेटवर लक्षणं वाचत बसणं. बाहेरून बघणाऱ्याला माणूस शांत बसलेला दिसतो.

अशा प्रत्येक कृतीने थोडा वेळ बरं वाटतं, आणि नेमकी तिथेच गाठ बसते. खरूज झालेल्याला खाजवल्यावर जसं क्षणभर सुख मिळतं आणि कंड वाढतो, तसंच हे आहे. मेंदू शिकतो की धोका होता, आपण तपासलं म्हणून वाचलो, पुढच्या वेळीही तपासायला हवं. धोका मुळात नव्हताच, हे शिकायची संधी त्याला मिळतच नाही. शिवाय वारंवार तपासल्याने खात्री वाढत नाही, उलट आपल्या आठवणीवरचा विश्वास कमी होतो. दहाव्यांदा कुलूप ओढून पाहणाऱ्याला विचारा, पहिल्यांदा पाहणाऱ्यापेक्षा तो जास्त साशंक असतो.

सोवळं-ओवळं पाळणाऱ्या घरांत आजार कुठे सुरू होतो हे ओळखणं अवघड जातं. माझ्या मते एक खूण उपयोगी पडते. आचार पाळणाऱ्या माणसाला आचार पूर्ण झाल्यावर ‘झालं’ असं वाटतं, तो उठतो आणि जेवायला बसतो. मंत्रचळ झालेल्याला ते ‘झालं’ कधी लाभतच नाही. अंघोळ संपत नाही, संध्या पूर्ण झाली असं वाटत नाही, आणि त्याच परंपरेत वाढलेले घरातले वडीलधारेही म्हणू लागतात की हे आता फार होतंय.

मेंदूत काय घडतं याबद्दल थोडक्यात सांगतो. कपाळामागचा एक भाग, मेंदूच्या पोटातली काही केंद्रं आणि त्यांना पुन्हा कपाळाकडे जोडणारा मार्ग, असं एक वर्तुळ या आजारात जास्त सक्रिय असलेलं दिसतं. कॅलिफोर्नियातले लुईस बॅक्स्टर आणि त्यांचे सहकारी यांनी १९९२ साली काही रुग्णांच्या मेंदूंची उपचारांआधी आणि नंतर चित्रं घेतली. कुणाला गोळ्या दिल्या होत्या, कुणावर केवळ वर्तनोपचार केले होते. ज्यांना गुण आला, त्यांच्या मेंदूतल्या एकाच केंद्राची अतिरिक्त धावपळ दोन्ही उपचारांनी कमी झाली होती. बोलून, सराव करून केलेल्या उपचाराने मेंदूत बदल होतो, हे त्या चित्रांत दिसलं. ‘हे सगळे मनाचे खेळ आहेत’ म्हणून मनाच्या आजाराची वासलात लावणाऱ्यांना मी हा अभ्यास नेहमी सांगतो.

त्या वर्तनोपचाराची सुरुवात १९६६ साली लंडनमध्ये झाली. तोवर हा आजार जवळजवळ असाध्य समजला जायचा. मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांना रुग्णालयात ठेवून त्यांना ज्याची भीती वाटते त्याच्या समोर नेलं आणि नंतरचे धुण्या-पुसण्याचे, तपासण्याचे विधी करू दिले नाहीत. दोघांनाही चांगलाच आराम पडला. पुढे ही पद्धत बरीच सुधारली, एडना फोआ यांच्यासारख्या संशोधकांनी तिच्यावर अनेक वर्षं काम केलं, आणि आज ती ईआरपी (एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन) या नावाने ओळखली जाते. भीतीला सामोरं जायचं आणि नेहमीचा प्रतिसाद रोखायचा, एवढाच तिचा गाभा. पण ती जबरदस्तीने करायची गोष्ट नव्हे. रुग्ण आणि उपचार करणारा मिळून भीतींची यादी करतात, सोप्यापासून अवघडापर्यंत. चप्पल हाताने उचलून हात न धुता पाच मिनिटं बसायचं. मग पंधरा. गॅसचा नॉब एकदाच पाहून दार ओढायचं आणि जिना उतरायचा. विचारांचाच त्रास असेल, तर तो भयंकर विचार स्वतःच्या हाताने कागदावर लिहायचा, मोठ्याने वाचायचा, फोनमध्ये रेकॉर्ड करून रोज ऐकायचा. अस्वस्थता चढते, छाती धडधडते, आणि तरीही विधी केला नाही तर हळूहळू ती बहुतेक वेळा उतरते. एखाद्या दिवशी नाही उतरली तरी शिकायचं ते शिकून होतं. अपशकुन झाला नाही, आई सुखरूप आहे, आणि एवढी अस्वस्थता आपल्याला सोसता येते.

औषधंही उपयोगी आहेत. फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवॉक्सामिन या गटातली औषधं आणि जुनं क्लोमिप्रामिन इथे वापरतात. नैराश्यापेक्षा मंत्रचळात डोस बहुधा जास्त लागतो आणि गुण दिसायला आठ ते बारा आठवडे जाऊ शकतात. दोन आठवड्यांत काही झालं नाही म्हणून गोळी सोडून देणारे खूप जण असतात. या गोळ्यांची झोपेच्या गोळ्यांसारखी सवय लागत नाही, मात्र त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम बंद करू नयेत. त्रास तीव्र असेल तर गोळ्या आणि ईआरपी बरोबरीने चालवतात.

घरच्यांचं काम सगळ्यांत अवघड. मुलगी विसाव्यांदा विचारते, ‘आई, मी कुणाचं वाईट केलं नाही ना गं?’ आणि आई कळवळून सांगते, ‘नाही बाळा, तू किती चांगली आहेस.’ त्या प्रेमळ उत्तरानेच पुढचा प्रश्न पक्का होतो, कारण आईचं उत्तर आता विधीचा भाग झालेलं असतं. कुणी अंघोळीसाठी जास्तीचं पाणी भरून ठेवतं, कुणी दारात कपडे बदलूनच आत येतं. हे सगळं मायेपोटीच होतं. ते एका दिवसात तोडू नये. रुग्ण शांत असताना दोघांनी बसून ठरवावं, की अमुक प्रश्नाला यापुढे उत्तर द्यायचं नाही. मग वेळ आल्यावर म्हणावं, ‘तुला आत्ता फार भीती वाटतेय हे दिसतंय मला. मी इथेच बसते. पण उत्तर देणार नाही, आपलं ठरलंय ना?’ रागावणं, वेडाचार म्हणणं, नळ बंद करणं याने काहीही साधत नाही.

आत्महत्येच्या विचारांबद्दल स्पष्टच सांगायला हवं. फलाटावरचा तो नको असलेला, दचकवणारा झटका वेगळा. मरणाच्या विचाराने सुटल्यासारखं वाटत असेल, मन त्याच्याकडे ओढलं जात असेल, कसं आणि कधी हे ठरायला लागलं असेल, तर तो विचार एकट्याने तपासत बसायचा नसतो. जवळच्या माणसाला तेव्हाच सांगायचं. कुठला प्रकार आहे हे कळत नसेल तरीही सांगायचं. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र कधीही, विनामूल्य, मराठीतूनही बोलता येतं.

मंत्रचळासाठी मदत घ्यायला जाणार असाल तर पहिल्या भेटीआधी एक-दोन गोष्टी कराव्यात. कुठले विचार येतात आणि त्यानंतर आपण काय काय करतो, मनातल्या मनात करतो तेही, हे एका कागदावर लिहून न्यावं. तोंडाने सांगायला लाज वाटली तर तो कागद पुढे सरकवावा. त्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाने असले विचार पुष्कळ ऐकलेले असतात. औषधांसाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं लागतं, सरावासाठी प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडे. फोनवर वेळ घेतानाच विचारून टाकावं, ‘तुमच्याकडे ओसीडीसाठी ईआरपी करतात का?’ नाही म्हणाले, तर कोण करतं तेही त्यांनाच विचारावं.